माकडताप : आरंभीची ओळख व प्रशिक्षण

माकडताप (क्यासनूर अरण्यज्वर) : गोचिडीमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण दक्षिण कोकणात, सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात (२०१६) व पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात आढळले.

उगम : मार्च १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे व वानरे मरू लागली, पाठोपाठ माणसांनाही ताप आला, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) विषाणू वेगळा केला. तो रशियन मेंदूज्वराच्या विषाणूशी मिळताजुळता निघाल्याने स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो सैबेरियाकडून आला असावा, असा तर्क पुढे आला. तो पडताळण्याच्या निमित्ताने मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम केले. पुरावा मात्र हाती लागला नाही. सौदी अरेबियातील अलखुर्मा विषाणू हा याचा निकटचा भाऊबंद ठरल्यावर सैबेरियाचा धागा आणखी विरळ झाला. दोन्ही विषाणूंची फारकत काही अभ्यासांनुसार शतकाच्या आतली, तर नंतरच्या व्यापक तुलनेनुसार काही शतकांपूर्वीची. कच्छ-सौराष्ट्रातील रक्तनमुन्यांतही माकडतापाच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली होती. त्यामुळे रोग नव्याने आला नसून जंगलात दबून होता व जंगलतोडीने उघडा पडला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ओळख : लाइम हाही गोचिडीचाच रोग, पण त्यात बहुतेकदा चाव्याभोवती पसरणारे तांबडे वर्तुळ दिसते. माकडतापात अशी खूण नाही. स्क्रब टायफसमधील (चिगर माइट या सूक्ष्म किड्याच्या चाव्याने होणारा ताप) काळी खपलीही येथे नसते. म्हणून वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका व आशा यांच्या प्रशिक्षणात त्वचेपेक्षा ऋतूवर आणि रुग्णाच्या कामावर भर द्यावा लागतो. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) जोर पावसाळ्यात, तर माकडताप साधारण डिसेंबर ते मे. हाच काजू वेचण्याचा आणि भाजावळीसाठी (पेरणीपूर्वी जमीन भाजण्यासाठी) पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करण्याचा काळ. एकाएकी तीव्र ताप, कपाळ व कंबर दुखणे, लाल डोळे, उलट्या, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी, एवढ्यावर डेंग्यू म्हणून मोकळे होणे सोपे असते. ‘गोचीड चावली का?’ हा प्रश्न फारसा उपयोगी नाही. चावते ती बहुधा हिमॅफिसॅलिस स्पिनिजेराची अप्रौढ गोचीड. ती इतकी बारीक की चावल्याचे कळतही नाही, आणि गोचीड म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे गुरांच्या अंगावरची टपोरी गोचीडच येते. ‘आठवड्याभरात रानात, बागेत गेला होतात का? मेलेले माकड दिसले का?’ असे विचारलेले बरे. संसर्गानंतर ताप सुमारे ३ ते ८ दिवसांत येतो. काहींना तो उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो व मेंदूची लक्षणे दिसतात. बऱ्या झालेल्या रुग्णावर नजर ठेवायची ती याचसाठी.

निदान व उपचार : आरंभीच्या दिवसांत रक्तात विषाणू शोधणारी आरटी-पीसीआर, नंतर प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम तपासणी. विषाणूवर नेमके औषध नाही; उपचार लक्षणांनुसार. मृत्युदर साधारण ३ ते ५ टक्के मानला जातो. कर्नाटकात दिली जाणारी लस अपुरी ठरल्याने तिचा वापर थांबला. रानात जाताना अंगाला डेपा तेल (गोचिडींना दूर ठेवणारे) लावतात.