सुगरणीचा खोपा नर विणतो, मग कवितेच्या तासाला काय सांगायचं?

बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविता डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या पदविकेच्या) वर्गात शिकवताना एक पेच हमखास पडतो. कवितेत खोपा बांधते ती सुगरण, झाडावर मात्र विणताना दिसतो नर. अंडी मादी उबवते, पण विणकामात तिचा वाटा आतल्या अस्तरापुरता. विज्ञानवाले इथे कविता ‘चूक’ ठरवून मोकळे होतात. मराठीवाले ‘कवीला सूट असते’ म्हणून पुढच्या कडव्याकडे वळतात. हातातला धडा दोघंही घालवतात.

दोघांनी मिळून दोन तासिका घ्याव्यात. पहिलीत कविता मोठ्याने वाचायची आणि छात्राध्यापकांनी वहीत दोन रकाने आखायचे: डोळ्यांना दिसलेलं आणि मनाने जोडलेलं. झाडाला टांगलेला झोका, इवल्याशा चोचीवर पेललेलं सगळं काम, हे पहिल्या रकान्यात जातं. निरीक्षण पक्कं आहे. नर गवताच्या पात्याची लांब पट्टी फाडून आणतो, पायाखाली दाबतो आणि चोचीने टोक ओवत गाठ मारतो. ‘ती’ कुठे लिहायची यावर वाद होतो. तो होऊ द्यावा. सुगरण हा शब्दच स्त्रीलिंगी, रांधण्यात निपुण बाईचं नाव आपण पाखराला दिलेलं. चिमणी, घार, साळुंकी यांच्यातही नर असतातच की, पण मराठी वाक्यात त्यांची ‘ती’च होते!

दुसरी तासिका झाडाखाली, जुलै ते सप्टेंबरमध्ये. विहिरीवर झुकलेली बाभूळ किंवा शिंदी बघावी. मार्चमध्ये सहल काढली की फजिती ठरलेली. विणीच्या हंगामाबाहेर नराचा पिवळाधमक माथा आणि काळपट मुखवटा राहत नाही, नर-मादी दोघंही चिमणीच्या मादीसारखी दिसतात. झाडापासून वीसेक मीटरवर बसावं. ८ बाय ४०ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. प्रत्येक गटाने एकच खोपा धरून ३० मिनिटं नोंद करायची: कोण आलं, काय आणलं, किती फेऱ्या झाल्या. फांदी वाकवून आत डोकावू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येतच येतं.

हिवाळ्यात खाली पडलेला रिकामा खोपा मात्र उलगडून बघता येतो. आत धूळ आणि किडे असतात, म्हणून मास्क आणि हातमोजे हवेत. खोपा वाळवून तोलायचा, ५ ग्रॅम पट्ट्या वेगळ्या काढून मोजायच्या आणि त्यावरून एकूण संख्या काढायची. आकडा भलताच फुगला तर आतला चिखल बघा. नर आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे लिंपतो. ते न काढता तोललं की गणित बिघडतं.

झाडावर शिरस्त्राणासारखे, खाली उतरणारी प्रवेशाची नळी नसलेले अर्धवट खोपेही लोंबताना दिसतात. छात्राध्यापक बहुतेकदा ते ‘वाऱ्याने मोडलेले’ असं लिहितात. अलिबागजवळच्या किहीमला पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९३०च्या सुमारास या पक्ष्याचा अभ्यास केला, त्यातून या अर्धवट खोप्यांचा उलगडा होतो. खोपा अर्धा झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तर ती तिथे राहते, नर नळी पुरी करतो आणि पुढच्या खोप्याला लागतो. नापसंत ठरलेला बहुधा तसाच लोंबत राहतो. म्हणून पूर्ण आणि अर्धवट खोपे वेगवेगळे मोजावेत आणि तो तक्ता घेऊन कवितेतली ‘ती’ पुन्हा वाचावी.