स्पितीत हिमबिबट्या पाहायला निघण्यापूर्वी

हिमबिबट्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वांत कडक संरक्षण आहे. हिमाचलातल्या स्पितीत आपण कॅमेरा आणि दुर्बीण घेऊन जातो. मात्र माग काढणं, वारा ओळखणं, तासन्‌तास दबा धरणं ही जुन्या शिकाऱ्यांची सगळी तयारी इथेही लागते.

या सहलीबद्दल फोनवर पहिला प्रश्न येतो, "नक्की दिसेल ना?" तशी हमी आम्ही देत नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत. त्यांतले ४७७ लडाखमध्ये, तर हिमाचलात ५१. तरी आम्ही स्पितीतलं किब्बर निवडतो, कारण ४,२०० मीटरच्या आसपास वसलेल्या या गावाजवळूनच दरीपलीकडचे कडे न्याहाळता येतात. कडाक्याच्या हिवाळ्यात भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (डोंगरी रानबोकड) चाऱ्यासाठी खाली उतरतात, त्यांच्यामागे हा येतो. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा त्याचा विणीच्या जोड्या जमण्याचा काळ, म्हणून हालचालही जास्त.

त्या दिवसांत मनालीकडून येणारा कुंझुमचा घाट बर्फाने बंद असतो. आपण शिमला, कल्पा, ताबो, काझा असे किब्बरला जातो. हा रस्ता लांबचा आहे आणि किन्नौरमध्ये दरड कोसळून किंवा नाकोजवळच्या मलिंग नाल्यात बर्फ साचून गाडी अडकू शकते. म्हणून कार्यक्रमात राखीव दिवस ठेवलेले आहेत. परतीचं विमान अगदी शेवटच्या दिवसाचं काढू नका.

लांबच्या रस्त्याचा मोठा फायदा म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय होते. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे पोहोचल्यावर "मी ठणठणीत आहे, आजच किब्बरला जाऊ" असा आग्रह कृपया धरू नका. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे लपवू नका. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी आम्ही तुम्हाला खाली उतरवणार. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पहाटे गावातले वाटाडे स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) लावून कडे विंचरू लागतात. डोळे त्यांचेच. भरलांचा कळप चरायचा थांबून एकाच दिशेला टक लावून उभा राहिला की तेही थांबतात. कावळे, दाढीवाली गिधाडं एका जागी घिरट्या घालू लागली, तर तिथे शिकार पडलेली असू शकते, आणि मोठ्या शिकारीपाशी हिमबिबट्या दोन-तीन दिवस रेंगाळतो. अंतर बहुधा अर्धा-एक किलोमीटर. ताडोबात जिप्सीसमोर वाघ येतो तसं इथे घडेल, ही अपेक्षा घरीच ठेवून या. स्कोपमध्ये आधी राखाडी खडकच दिसतो, मग त्याची जाड शेपटी हलते.

रात्री पारा उणे वीसच्या खाली जातो. होमस्टेमध्ये बुखारी (खोली तापवायची शेगडी) असते, नळाला पाणी नसतं, संडास कोरडा. बॅटऱ्या थंडीत झपाट्याने उतरतात, त्या आतल्या खिशात ठेवा. बाहेरून आल्यावर कॅमेरा बंद पिशवीतच गार राहू द्या, नाहीतर उबदार खोलीत काचेवर बाष्प धरतं. पातळ कपड्यांचे तीन-चार थर एका जाड जॅकेटपेक्षा बरे.

ड्रोन, आमिष, शिट्ट्या, जवळ जाण्यासाठी कडा उतरणं, यांतलं काहीही चालणार नाही. वाटाड्याने "बस" म्हटलं की बसायचं. या गावांतली याक आणि मेंढरं कधीकधी हिमबिबट्या मारतो. असं असूनही गावकरी त्याला जपतात, म्हणून राहणं, जेवण आणि वाटाडे यांचे पैसे आम्ही थेट गावातच देतो.

नोंदणी करताना वय, रक्तदाब, दमा, हृदयविकार, चालू औषधं लिहून द्या. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांचं पत्र जोडावं. रस्ता बंद झाल्यामुळे वाढलेल्या मुक्कामाचा खर्च वेगळा आकारला जातो, त्याचे दर नोंदणी अर्जाच्या मागे छापले आहेत.