गालाच्या अस्तरातून नवी मूत्रनलिका: युरेथ्रोप्लास्टीची पार्श्वभूमी

पुरुषाची मूत्रनलिका साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असते. अपघातात ओटीपोटाचं हाड मोडलं, कॅथेटरने आतलं अस्तर खरचटलं, संसर्ग झाला किंवा लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगाचा पांढरा चट्टा शिस्नाच्या टोकाकडून आत सरकत गेला, की तिथली जखम भरताना कडक, दोरीसारखी ऊती तयार होते आणि नळी आवळते. लघवीची धार बारीक होते, जोर लावावा लागतो, आणि एखाद्या रात्री लघवी साफ तुंबून पोटातून नळी टाकायची वेळ येते. अनेक पुरुष हे वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. त्यामुळे कर्करोग किंवा मुतखड्याइतकी या आजाराची चर्चाही होत नाही.

आज लांबच्या लांब आवळलेली नळी दुरुस्त करायची तर रुग्णाच्याच गालाच्या आतलं अस्तर काढून ते तिथे जोडतात. मूत्रनलिकेच्या अशा दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेला युरेथ्रोप्लास्टी म्हणतात. त्यातल्या एका प्रमुख तंत्राला जगभरचे युरॉलॉजिस्ट पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांच्या नावाने ओळखतात. पण हा मार्ग सरळ नव्हता. एकदा सापडलेली गोष्ट विसरली गेली, पुन्हा सापडली, आणि ती पटायला आणखी काही दशकं गेली. माझ्या मते त्याचं मुख्य कारण एकच: उपचारानंतर दोन, चार, पाच वर्षांनी रुग्णाचं काय झालं, हे फार थोड्यांनी मोजलं.

सर्वांत जुना उपाय म्हणजे नळी ताणणं. सुश्रुतसंहितेत निरुद्धप्रकश (शिस्नाची पुढची त्वचा आवळून लघवी अडणं) या विकारावर तूप लावलेली, दोन्ही टोकांना उघडी नळी आत घालून ती दर तीन दिवसांनी जाड करत नेण्याचा उपचार आहे. त्यानंतरच्या शतकांत धातूच्या सळ्या आल्या, युरोपात आंधळेपणाने आतून काप देणारी पाती आली. १९७४ साली जर्मनीच्या हान्स साक्से यांनी दुर्बिणीतून डोळ्यांनी बघत आवळलेला भाग कापायचं उपकरण मांडलं. टाके नाहीत, रुग्णालयातला मुक्काम थोडा, आणि कोणत्याही युरॉलॉजिस्टला जमेल असं काम. ते झपाट्याने पसरलं. दुसऱ्या दिवशी धार मोकळी व्हायची, रुग्ण खूश होऊन घरी जायचा. काही महिन्यांनी तोच रुग्ण परत यायचा आणि पुन्हा तेच व्हायचं.

या चक्राला पहिला भक्कम धक्का दक्षिण आफ्रिकेतून बसला. स्टीनकॅम्प, हाइन्स आणि डी कॉक यांनी २१० पुरुषांची चाचणी १९९७ साली प्रसिद्ध केली. कुणाची नळी ताणायची आणि कुणाची दुर्बिणीतून कापायची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. महत्त्वाचा निष्कर्ष मात्र लांबीचा होता. आवळलेला भाग २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांचा त्रास परतला, आणि ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर सुमारे ८० टक्क्यांचा. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतल्या सँटुची आणि आयझेनबर्ग यांनी आपल्या ७६ रुग्णांचा हिशेब मांडला. पहिल्या कापानंतर नळी मोकळी राहिलेले रुग्ण अवघे ८ टक्के निघाले. इतकी वर्षं ज्या उपचाराला सोपा आणि पुरेसा म्हटलं गेलं, त्याची ही खरी पत. हे आकडे मला फार अस्वस्थ करतात, कारण प्रत्येक कापाबरोबर व्रण थोडा लांबतो आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होत जाते.

उघड्या शस्त्रक्रियेची कहाणी याला समांतर चालत होती. स्वीडनच्या बेंग्ट योहान्सन यांनी १९५३ मध्ये दोन टप्प्यांची पद्धत मांडली: आधी नळी उघडी करून कडेच्या त्वचेला जोडायची, काही महिन्यांनी ती त्वचा आत वळवून नवी नळी बांधायची. पुढे शिस्नाच्या त्वचेचे पट्टे रक्तवाहिन्यांसकट फिरवून लावायची तंत्रं आली. ही सगळी हुशारीची कामं होती, पण त्वचा ही शेवटी त्वचाच. अंडकोषाच्या त्वचेवरचे केस नळीच्या आत वाढायचे आणि त्यांच्यावर क्षार साचून खडे व्हायचे. लायकेन स्क्लेरोससमध्ये तर ज्या त्वचेला आजार आहे तीच नळीत बसवली जायची, आणि आजार तिथेही पोहोचायचा.

तोंडातलं अस्तर या दोन्ही अडचणींतून सुटतं. त्याला केस नसतात, कायम ओलं राहायची सवय असते, वरचा थर जाड आणि चिवट असतो, तर खालचा थर पातळ आणि बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेला. हे सर्वांत आधी ओळखलं ते किरिल सापेझ्को या शल्यचिकित्सकाने. १८९० साली कीव्हमध्ये त्याने ओठ-गालाच्या अस्तराने मूत्रनलिका दुरुस्त केली आणि १८९४ मध्ये ते छापलंही. रशियन भाषेतलं हे काम पुढे जवळजवळ कुणाला ठाऊक राहिलं नाही; इतिहास म्हणून त्याची दखल घेतली गेली ती २०१२ मध्ये. दरम्यान लंडनमध्ये ग्रॅहम हम्बी यांनी १९४१ मध्ये जन्मजात दोष असलेल्या एका मुलावर हेच केलं. त्यानंतर पुन्हा चार दशकं शांतता. १९८० च्या दशकात फिलाडेल्फियाचे बालशल्यचिकित्सक जॉन डकेट यांनी ते पुन्हा हाती घेतलं, आणि १९९३ मध्ये इजिप्तच्या एल-कसाबी यांनी प्रौढ पुरुषांच्या आवळलेल्या नळीसाठी वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. पहिल्या शस्त्रक्रियेपासून इथवर यायला शंभर वर्षं लागली.

१९९६ मध्ये इटलीतल्या आरेझ्झोचे ग्विदो बारबाली यांनी अस्तराचा तुकडा नळीच्या वरच्या बाजूला, म्हणजे शिस्नाच्या घट्ट स्तंभांवर, पसरून शिवायची कल्पना मांडली. तिथे त्याला टणक आधार मिळतो आणि तो फुगवटा धरत नाही. २००१ मध्ये आग्र्याचे हरिशंकर असोपा यांनी नळी खालून उघडून, आतूनच वरच्या भिंतीत तुकडा बसवायची वाट दाखवली. त्यात नळी भोवतालच्या भागापासून सोडवावी लागत नाही. बारबालींचा मोठेपणा मला पुढच्या गोष्टीत दिसतो. २००५ मध्ये त्यांनी आपल्याच ५० रुग्णांमध्ये वर, खाली आणि बाजूला लावलेल्या तुकड्यांची तुलना छापली, आणि यश तिन्ही ठिकाणी ८३ ते ८५ टक्के, म्हणजे सारखंच निघालं. ज्या जागेमुळे त्यांचं नाव झालं, तिचं वेगळेपण त्यांनीच आकड्यांनी कमी केलं.

पुण्याची भर नेमकी काय होती? बारबालींच्या मूळ पद्धतीत नळी सगळ्या बाजूंनी मोकळी करून फिरवावी लागते, त्यामुळे दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या तुटतात. कुलकर्णी आणि बारबाली यांनी मिळून २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तंत्रात नळी फक्त एका बाजूने सोडवतात. दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा, नसा आणि स्नायू जागच्या जागी राहतात. चिरा अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात असतो. तिथूनच शिस्न आतून उलटं बाहेर घेतात, त्यामुळे शिस्नाच्या त्वचेवर काप येत नाही. एक चमू खाली काम करत असताना दुसरा तोंडात असतो. भूल देण्याची नळी नाकातून घातलेली, जबडा आधाराने उघडा. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर लाळेच्या ग्रंथीचं तोंड असतं, ते आधी खूण करून सोडून द्यायचं आणि त्याच्या खालून लांबट तुकडा काढायचा. मग तो फळीवर ताणून पिन लावतात आणि मागची चरबी कात्रीने खरवडतात. ती राहिली तर तुकडा जगत नाही. पहिले दोन दिवस तो खालच्या ऊतीतून नुसता ओलावा शोषून तग धरतो, त्यानंतर रक्तवाहिन्या जुळू लागतात. या काळात तो जरासाही हलता कामा नये, म्हणून गोधडीला घालतात तसे मधूनमधून टाके घालून तो स्तंभांवर बसवतात.

२०१२ मध्ये डॉ. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी ११७ पुरुषांचे निकाल प्रसिद्ध केले. आवळलेल्या भागाची सरासरी लांबी १४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सगळी नळीच. पाठपुराव्याचा मध्यक ५९ महिने, म्हणजे निम्म्या रुग्णांवर निदान तेवढा काळ लक्ष ठेवलेलं. एकूण यश ८३.७ टक्के, पण पहिल्यांदाच युरेथ्रोप्लास्टी झालेल्यांत ८६.५ आणि आधीची एक फसलेल्यांत ६१.५. हा शेवटचा आकडा प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारावा असा आहे.

भारतातल्या रुग्णांचं चित्र वेगळं का, हेही अशाच संशोधनातून पुढे आलं. इटली, अमेरिका आणि पुण्याच्या रुग्णांची तुलना केली तेव्हा तिकडे नळी आवळण्याचं पहिलं कारण वैद्यकीय उपचारच होते, तर आपल्याकडे अपघात. लायकेन स्क्लेरोससही आपल्याकडे बराच जास्त आढळला. आणखी एक खास आपली अडचण म्हणजे गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून त्यावर बंदी आहे, पण पांढरा, कडक पडलेला गाल घेऊन रुग्ण आजही येतात. तोंडच पुरतं उघडत नाही, तिथे अस्तर कुठून काढणार? मग जिभेच्या खालचं किंवा कडेचं अस्तर बघावं लागतं. त्याचा वापर इटलीतल्या सिमोनातो यांनी २००६ मध्ये मांडला.

शस्त्रक्रिया विरुद्ध दुर्बीण हा थेट सामना व्हायला २०२० साल उजाडलं. ब्रिटनच्या ‘ओपन’ नावाच्या चाचणीत, त्रास परत आलेल्या २२२ पुरुषांना चिठ्ठीने दोन गटांत वाटलं. दोन वर्षांतला लक्षणांचा आराम दोन्हीकडे जवळजवळ सारखा होता. पण पुन्हा उपचार घ्यावा लागलेले युरेथ्रोप्लास्टीनंतर १५ होते आणि दुर्बिणीनंतर २९. दोन्ही निकाल रुग्णापुढे ठेवायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. ज्याला मोठी शस्त्रक्रिया नको आणि पुन्हा यायची तयारी आहे, त्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही.

आता नळीत घालून फुगवायचा, पॅक्लिटॅक्सेल औषधाचा लेप दिलेला फुगा आला आहे. रोबस्ट-३ चाचणीत वर्षभर पुन्हा उपचार न लागलेले रुग्ण फुग्याच्या गटात सुमारे ८३ टक्के, तर नेहमीच्या ताणण्या-कापण्याच्या गटात सुमारे २२ टक्के होते. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. पण त्या चाचणीत तुलना युरेथ्रोप्लास्टीशी नव्हती, आणि घेतलेले रुग्ण ३ सेंटिमीटरपर्यंतच आवळलेले होते. १४ सेंटिमीटरच्या रुग्णासाठी अजून गालच लागतो.