एप्रिलचा हिमालय: हवामानाचा अंदाज वेगळा, वाटेची अवस्था वेगळी

मार्च उजाडला की ट्रेकच्या ग्रुपांवर तोच स्क्रीनशॉट फिरू लागतो. उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकच्या पायथ्याचं सांक्री गाव किंवा हिमाचलातल्या त्रिउंड ट्रेकच्या पायथ्याचं मॅक्लोडगंज, हवामानाच्या ॲपवर पाच दिवस लख्ख सूर्य, आणि खाली ओळ: 'वेदर क्लिअर आहे, म्हणजे रूट ओपन असणार.' यातलं पहिलं खरं असतं. दुसरं त्यावरून ठरत नाही. दरवर्षी तेच तेच समजवावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहितो.

अंदाज कसा वाचायचा हे तुम्हाला येतं. एवढंच लक्षात ठेवा की ॲपवरचं तापमान गावाचं असतं आणि उंचीनुसार दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सांक्रीपेक्षा केदारकंठ्याचा माथा जवळपास १९०० मीटर उंच, म्हणजे तिथे बारा अंश कमी धरा. पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी, हिमालयात बर्फ-पाऊस आणणारी हवामान प्रणाली) येतोय असं दिसलं तर बेत पुढे ढकला. अंदाजाचं काम इथे संपलं.

घोळ होतो तो पुढे, आणि त्याला कारण आपली सह्याद्रीची सवय. आपल्याकडे पाऊस थांबला की काही तासांत ओढा उतरतो, दोन दिवस ऊन पडलं की शेवाळलेला कातळ सुकतो. ऊन म्हणजे चांगली वाट, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मार्च-एप्रिलच्या हिमालयात वाटेवर अख्खा हिवाळा पडून असतो. उद्या आकाश कसं असेल हे अंदाज सांगतो. पायाखाली काय आहे हे डिसेंबरपासून किती बर्फ पडला आणि काल रात्री तो गोठला की नाही, यावर ठरतं.

रात्रीचं हे गणित बहुतेक जण बघतच नाहीत. निरभ्र रात्री बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि पृष्ठभाग कडक होतो. पहाटे पाचला तो माणसाचं वजन पेलतो, पण उतारावर काचेसारखा निसरडा असतो. ऊन चढू लागलं की आधी पूर्वेकडचे उतार मऊ पडतात, आणि दुपारी त्याच पावलांच्या खुणांमध्ये पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. वितळलेलं पाणी नाल्यात उतरतं. सकाळी नाल्यावर साचलेल्या ज्या बर्फाच्या पुलावरून निवांत गेलात, तो दुपारपर्यंत खालून पोखरलेला असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर ओल्या बर्फाचं हिमस्खलन होण्याचा धोका याच वेळी वाढतो. म्हणजे हा सगळा त्रास लख्ख सूर्याच्या दिवशीच.

रात्र ढगाळ गेली तर ढग उष्णता अडवून धरतात, बर्फ धड गोठत नाही आणि सकाळ होते तीच मऊ बर्फाने. ॲपवर मात्र त्या सकाळचं चित्र छान असतं. म्हणून दिवसाचं चिन्ह बघू नका. तासागणिक अंदाज उघडा आणि रात्रीचे ढग नि तापमान बघा. ताज्या हिमवृष्टीनंतरचा पहिला निरभ्र दिवस सगळ्यांना खुणावतो. हिमस्खलनाचा धोका तेव्हा मोठा असतो, म्हणून मी तो दिवस ठामपणे गावात काढायला सांगतो.

एकाच अंदाजाखाली दोन वाटा किती वेगळ्या असतात, याचं सोपं उदाहरण मॅक्लोडगंजच्या वरच्या त्रिउंड या पठाराचं आणि त्याच वाटेवर आणखी वर असलेल्या इंद्रहार खिंडीचं. एप्रिलमध्ये तिथलं गवत बऱ्याचदा मोकळं झालेलं असतं, लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फोटो काढतात. तो फोटो बघून कुणीतरी लिहितं, 'मग इंद्रहारही होईल.' इंद्रहार खिंड ४३०० मीटरच्या वर आहे आणि लाहेश गुहेपुढचा चढ तेव्हा बर्फाखाली असतो. त्रिउंडचा फोटो त्रिउंडपुरताच खरा. रील्सचं तर नावच नको: टाकल्याची तारीख असते, चित्रणाची नसते. रस्ता उघडला म्हणजे गाडी जाते, आणि वन विभागाची परवानगी म्हणजे जायला मुभा आहे. याहून जास्त अर्थ त्यांत शोधू नका.

मग वाट तपासायची कशी? सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा मोफत मिळतात. साधारण दर पाच दिवसांनी नवी येते आणि ढग नसतील तर बर्फाची रेषा कुठवर आहे ते स्पष्ट दिसतं. बर्फाची खोली त्यात कळत नाही, आणि देवदार-खरसूच्या दाट जंगलाखालचा बर्फ झाकलेलाच राहतो. हिमस्खलनाच्या धोक्यासाठी डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचे इशारे बघा; ते जिल्ह्याचे असतात, तुमच्या नाल्याचे नव्हे.

त्यामुळे माझा सगळा भर फोनवर. होमस्टेवाल्याला किंवा खच्चरवाल्याला विचारा, पण 'रास्ता कैसा है?' असं नको, त्याला उत्तर ठरलेलं: 'बढ़िया है सर, आ जाओ.' काल वर कोण गेलं होतं? किती वाजता निघाले, कुठून परत फिरले? पाय कुठवर रुतत होता? नाल्यावर बर्फाचा पूल आहे की पाणी मोकळं झालंय? दोन-तीन दिवसांत कुणीच वर गेलेलं नसेल, तर त्या वाटेची अवस्था कुणालाच माहीत नाही असं समजा आणि स्थानिक वाटाड्याशिवाय निघू नका. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे धातूचे दाते) पहाटेच्या कडक बर्फासाठी घ्या. दुपारच्या मांडीभर बर्फात त्यांचा काही उपयोग नाही. तिथे अंधारात निघून ऊन तापायच्या आत उतार पार करणं हाच उपाय.