पोट गुडगुडलं म्हणजे भूकच लागली, असं नाही

'पोटात गुडगुड झाली की शरीर अन्न मागतंय, लगेच खा' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. रिकाम्या पोटी आवाज जास्त येतो, म्हणून तो पटतोही. प्रत्यक्षात हा आवाज आतड्यातून सरकणाऱ्या हवेचा आणि पाण्याचा असतो.

जेवण पचून पुढे गेलं की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून मोटिलिन नावाचं हार्मोन रक्तात येतं. साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी त्याची पातळी चढते आणि जठरापासून स्नायूंच्या आकुंचनाची जोरदार लाट निघते. उरलेसुरले कण आणि जंतू पुढे ढकलत ती आतड्यातून खाली सरकते. एक प्रकारची झाडलोटच. (एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही मोटिलिनसारखंच काम करतं, ते घेतल्यावर काहींच्या पोटात कळा येतात त्या यामुळे.) या लाटेबरोबर भूक जाणवू शकते, हे खरंच. पण खाल्ल्यावर लाट थांबते, वेगळी हार्मोन्स सूत्रं हाती घेतात, आतडं अन्न घुसळू लागतं आणि आवाज तेव्हाही होतो, फक्त दबका.

खात्री करायची तर जेवणानंतर तासाभराने घरातल्या कुणाच्या पोटाला कान लावा. उपाशीपोटी गुडगुड सुरू झाली तर न खाता थोडं थांबून बघा, बहुधा ती आपोआप शमते. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र हा दुसरा प्रयोग नको.