डीप फ्रीजरला नळ बसवण्याची पार्श्वभूमी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. आइस्क्रीमचे दुकान, डेअरी, कोल्ड्रिंकची टपरी यांचा सगळा धंदा तेव्हा वरून झाकण उघडणाऱ्या आडव्या डीप फ्रीजरवर चालतो. दुकान बसले की हाच फ्रीजर जुन्या बाजारात येतो. त्याला लाकडी चौकट लावायची, आत बिअरचे पिंप ठेवायचे, चौकटीतून नळ काढायचे आणि घरच्या घरी बिअरचा ग्लास भरायचा, हा अमेरिकन हौशींचा उद्योग आता मोबाइलमुळे खानदेशातल्या जुगाडू मंडळींनाही ठाऊक आहे. तिकडे त्याला कीझर म्हणतात, म्हणजे केग (पिंप) आणि फ्रीझर यांची जोडी. मात्र ही कल्पना जिथे जन्मली तिथला इतिहास एक आणि आपल्याकडचा अगदी वेगळा.

मुळात थंडीचे यंत्र आणि बिअर यांचे नाते जुने आहे. लागर जातीची बिअर दहाएक अंशांत आंबवावी लागते आणि पुढे काही आठवडे त्याहून गार जागी मुरवावी लागते. उन्हाळ्यात केलेली बिअर बिघडते म्हणून जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ड्यूकने १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यावर बंदीच घातली. मग तिथले बिअरवाले जमिनीखाली तळघरे खणू लागले आणि हिवाळ्यात नदी-तळ्यांचा बर्फ कापून त्यांत साठवू लागले. हिवाळा ऊबदार गेला की बर्फाचे वांधे. म्युनिकच्या तंत्रशाळेतले प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांनी यांत्रिक गारव्यावर लेख लिहिला, तेव्हा सर्वांत आधी कान टवकारले ते याच लोकांनी. लिंडे यांचे पहिले यंत्र १८७३ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन या बिअर कारखान्यात बसले आणि १८७६ पर्यंत त्यांनी अमोनियावर चालणारे सुधारित यंत्र तयार केले. दूध, मांस, औषधे यांच्यासाठी शीतगृहे सर्रास झाली ती त्यानंतर. म्हणजे फ्रीजरात बिअर ठेवणे हा फ्रीजरचा गैरवापर आहे असे कुणी म्हटले, तर त्याने क्रम उलटा लावला आहे.

घरगुती डीप फ्रीजर अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर पसरला, मांस आणि गोठवलेल्या भाज्या घाऊक घेऊन ठेवण्यासाठी. भारतात गोदरेजने पहिला देशी फ्रीज काढला तो १९५८ साली.

दुसरा भाग पिंपाचा. कीझरमध्ये बसणारे स्टीलचे उभे, सुमारे १९ लिटरचे पिंप बिअरसाठी घडलेच नव्हते. अमेरिकेतल्या कॉर्नेलियस कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी ही पिंपे शीतपेयांचे सरबत दुकानांत पोचवण्यासाठी होती. पेप्सीच्या पिंपाची जोडणी एका तऱ्हेची, कोकची दुसऱ्या तऱ्हेची. हौशी माणसाला आजही सुटे भाग घेताना हा फरक पाहावा लागतो. पुढे शीतपेयवाले खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे वळले आणि हजारो पिंपे भंगाराच्या भावात बाहेर पडली.

ती उचलणारे गिऱ्हाईक कायद्याने तयार केले होते. अमेरिकेची दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण घरच्या बिअरची सोय राहूनच गेली. ती चूक १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने दुरुस्त झाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, बिअर करमुक्त करता येऊ लागली. अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्ये मात्र २०१३ पर्यंत अडून बसली होती. घरी बिअर करण्याची मोकळीक, टाकाऊ पिंपे आणि गॅरेजमधला जुना फ्रीजर एवढे एकत्र आल्यावर कीझर व्हायला वेगळा शोध लागला नाही.

जुळणीतही डोके लढवलेले दिसते. फ्रीजर उणे १८ अंशांसाठी बनतो, बिअरला तीन-चार अंश हवेत. म्हणून प्लगच्या वाटेत वेगळा तापमान-नियंत्रक बसवतात. त्याचा सेन्सर आत सोडला की ठरल्या अंशावर कॉम्प्रेसर बंद होतो. पेटीच्या भिंतींत गॅसच्या नळ्या फिरलेल्या असतात, तिथे ड्रिल मारला की फ्रीजर संपलाच. यासाठी झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट घालून नळ तिच्यातून काढतात. बिअरला दाब देणारे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर पेटीच्या आत, कॉम्प्रेसरच्या वर येणाऱ्या पायरीवर बसते. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो पेटीच्या तळाशी साचतो, म्हणून झाकण उघडल्या उघडल्या आत डोके घालू नये.

यातली एकही वस्तू खानदेशात दुर्मीळ नाही. सोडावाल्यांकडे वायूचे सिलिंडर असते, फ्रीज दुरुस्तीवाला तालुक्याच्या गावीही मिळतो. इथे आडवा येतो तो इतिहास.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांवर मोहाची दारू घरोघरी निघत असे. देवाला, लग्नाला, होळीला ती लागे. इंग्रजांच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने हे घरचे काम गुन्ह्यात जमा केले आणि महसूल सरकार व ठेकेदारांकडे वळवला. उलट दिशेने आदिवासींमधूनही दारू सोडण्याच्या चळवळी उठल्या. १९२२ च्या सुमारास देवीच्या नावाने दारू सोडायला सांगणारी ‘देवीची चळवळ’ खानदेशातून पुढे सुरत जिल्ह्यात गेली, आणि १९३० च्या दशकात तळोद्याकडे संत गुलाम महाराजांनी हजारो लोकांना दारूपासून दूर नेले. त्या चळवळींना केवळ सरकारी दारूबंदीची आधीची पायरी समजणे मला पटत नाही. त्यांत दारूविक्रेत्या-सावकाराच्या कचाट्यातून सुटण्याची धडपडही होती.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. खानदेश तेव्हा मुंबई राज्यातच होता. १९६० मध्ये राज्य फुटले, पण दोन्ही राज्यांनी हाच कायदा ठेवला. महाराष्ट्राने पुढे परवान्यांची दारे उघडली, गुजरातने बंद ठेवली. नवापूरचे रेल्वे स्थानक दोन राज्यांत विभागलेले आहे. तिथे एकाच कायद्याची ही दोन रूपे एकाच फलाटावर लागू होतात.

महाराष्ट्रात सैल झाले ते विकणे आणि पिणे. तयार करण्याला परवाना लागतो तो लागतोच. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच थोडी बिअर करून विकणारी ठिकाणे, आहेत, त्याही परवान्यावर चालतात. घरी स्वतःपुरती बिअर करायची अमेरिकेसारखी मुभा इथे नाही. ‘विकत नाही, घरीच पितो’ हा बचाव जसा मोहाच्या हातभट्टीला चालत नाही, तसा बार्ली आणि हॉप्सच्या पिंपालाही चालत नाही.

त्यामुळे पिंपात घरची बिअर भरायची असेल तर हा खटाटोप खानदेशात करू नये. सोडा भरायला कुणाची हरकत नाही, आणि तसेही या पिंपांचा जन्म शीतपेयाच्याच धंद्यातला. सोड्याला बिअरपेक्षा जास्त दाब लागतो: बिअर १२ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे माप) आसपास भागवते, सोड्याला ३० तरी हवा, त्यामुळे नळीही लांब घ्यावी लागते. आपल्या उन्हाळ्यात फ्रीजर भिंतीला चिकटवून ठेवू नये, बाजूने हवा खेळती राहिली नाही तर कॉम्प्रेसर तापतो. नियंत्रकावर कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी काही मिनिटांचा विराम लावता येतो. वीज ये-जा करणाऱ्या गावात तो लावलेला बरा.