सहीसाठी उभी केलेली कौन्सिल: नवाहो नेशनच्या निवडून आलेल्या नेत्यांमागची शंभर वर्षं

७ जुलै १९२३. न्यू मेक्सिकोतल्या टोडलीना नावाच्या छोट्याशा ठिकाणी अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी जमातीचे बारा प्रतिनिधी एकत्र बसले. ही त्यांची पहिली ट्रायबल कौन्सिल. ची डॉज यांना चेअरमन निवडलं, आणि त्याच बैठकीत एकमताने ठराव झाला की आमच्या जमिनीतल्या तेल आणि गॅसच्या सगळ्या लीजवर आमच्या वतीने सरकारी कमिशनर हॅगरमन यांनी सह्या कराव्यात. झालं. पहिल्याच बैठकीत सहीचा अधिकार दुसऱ्याच्या हातात गेला.

आता अधूनमधून बातमी दिसते की नवाहो नेशनचा नवा प्रेसिडेंट निवडून आला, स्पीकरने शपथ घेतली, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही पिढ्यानपिढ्या चालत आलेली त्यांची जुनी पंचायत असणार. तसं नाहीये. ही कौन्सिल त्यांच्या परंपरेतून आलेली नाही, वॉशिंग्टनला कागदावर सही करणारं कुणीतरी हवं होतं म्हणून ती उभी केली, आणि तिथे निवडून आलेल्या लोकांनी पुढची शंभर वर्षं ती सही आपल्या हातात परत घेण्यात घालवली. मला हा सगळा इतिहास त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो.

आधी थोडं मागे जाऊ. नवाहो स्वतःला डिने म्हणतात. त्यांचा मुलुख आज अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून साधारण ७० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्यापेक्षा थोडा मोठाच. नोंदणी झालेले सदस्य ४ लाखांच्या आसपास. पण पूर्वी या सगळ्यांचा मिळून एक प्रमुख असा कधी नव्हताच. कुळं होती, ती आईकडून चालतात, आणि जागोजागी 'नाताआनी' असायचे, म्हणजे ज्याला चांगलं बोलता येतं, समजावता येतं, ज्याचं लोक ऐकतात असा माणूस. ऐकलं नाही तर त्याच्याकडे जबरदस्ती करायची कसलीच सोय नव्हती. मोठा प्रश्न असला की 'नाचिद' नावाची मोठी सभा भरायची, विधी व्हायचे, चर्चा व्हायची. त्यामुळे बाहेरून आलेले स्पॅनिश आणि नंतर अमेरिकन अधिकारी एका गटाशी तह करायचे, तो दुसऱ्या गटाला मान्यच नसायचा, आणि मग 'नवाहो शब्द पाळत नाहीत' असं म्हणून सैन्य पाठवायचे. वास्तविक ज्याने शब्दच दिला नाही तो पाळणार कुठून.

१८६३-६४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या किट कार्सनच्या मोहिमेत त्यांची शेतं जाळली, मेंढ्या मारल्या, कॅन्यन द शे मधली पीचची हजारो झाडं सैन्याने तोडून टाकली, आणि उपासमारीने शरण आलेल्या लोकांना पाचशे किलोमीटरच्या आसपास चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेऊन ठेवलं. याला ते लाँग वॉक म्हणतात. छावणीत आठ हजारांहून जास्त लोक होते, खारट पाणी, पीक येईना, रोगराई, दोन हजारांच्या वर माणसं तिथे गेली असं मानतात. १ जून १८६८ ला जनरल शर्मनबरोबर तह झाला, बार्बोन्सितो आणि मॅन्युएलितो या नवाहो नेत्यांनी त्यासाठी आग्रह धरला होता, आणि लोक घरी परत आले. अमेरिकेत तेव्हा आदिवासींना आपल्या मुलुखापासून लांब हाकलणं चालू होतं, त्यात आपल्याच डोंगरांमध्ये परत जाता येणं ही फार मोठी गोष्ट होती. त्या तहात एक कलम आहे: यापुढे जमीन द्यायची तर किमान तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांची संमती लागेल.

मग तेल आलं. न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉकच्या बाजूला १९२० च्या आसपास कंपन्या फिरायला लागल्या. १८९१ चा एक कायदा होता की आदिवासी जमिनीवर खाणकामाची लीज द्यायची तर त्या लोकांच्या वतीने बोलणारी कौन्सिल पाहिजे. पण नवाहोंची अशी कौन्सिल कुठे होती? सुरुवातीला शिपरॉकच्या भागातल्या लोकांची सभा बोलवून विचारायचे, आणि ते लोक एखाद्या कंपनीला हो म्हणायचे पण बाकीच्यांना सरळ नाही म्हणायचे. शिवाय रॉयल्टी फक्त त्या भागाची की सगळ्या जमातीची हाही वाद. तेव्हा १९२२ मध्ये आधी तीन माणसांची बिझनेस कौन्सिल नेमली, आणि १९२३ मध्ये इंडियन खात्याने, म्हणजे आदिवासींचा कारभार बघणाऱ्या अमेरिकन सरकारच्या खात्याने, नियम बनवून ही बारा जणांची कौन्सिल आणली. नियम बघा कसे होते. कमिशनर हजर नसेल तर बैठकच भरवता येणार नाही. एखाद्या भागाने प्रतिनिधी निवडायला नकार दिला तर सरकार नेमणार. इतकी कडेकोट बांधलेली निवडणूक.

ची डॉज यांना मात्र यात नुसतं होयबा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. हा माणूस लहानपणी अनाथ होऊन बॉस्क रेडोंडोच्या छावणीत राहून आलेला, इंग्रजी शिकून सरकारी दुभाषी झालेला, मोठा पशुपालक झालेला. त्यांनी तेलाचा पैसा एका भागापुरता न राहता सगळ्या नवाहोंचा राहावा म्हणून जोर लावला. एकत्र 'नवाहो जमात' ही कागदावरची कल्पना खरी व्हायला तिथून सुरुवात झाली असं म्हणता येईल.

१९२७ पासून गावपातळीवर चॅप्टर सुरू झाले. आज ११० आहेत. माझ्या मते लोकांच्या रोजच्या जगण्याच्या जवळची संस्था तीच, चॅप्टर हाऊसमध्ये मीटिंग, पाणी, रस्ता, सरपण, सगळं तिथेच. कौन्सिलपेक्षा लोकांनी ही गोष्ट पटकन आपली केली, कदाचित ती जुन्या सभेसारखी होती म्हणून.

आणि मग मेंढ्यांचं प्रकरण, ज्याची आठवण तिथल्या घराघरांत अजून आहे. १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकार आलं, जॉन कॉलिअर इंडियन खात्याचे प्रमुख झाले. सरकारचं म्हणणं होतं की जमीन चरून चरून उघडी पडलीय, माती धुपून कोलोराडो नदीवरच्या नव्या मोठ्या धरणात गाळ जाईल, तेव्हा जनावरं कमी करा. कौन्सिलने दबावाखाली मान्यता दिली, पहिल्यांदा मेंढ्या, मग १९३४ मध्ये दीड लाख बकऱ्या कमी करायचं ठरलं. पण डिने घरात मेंढ्या-बकऱ्या बहुतेक बायकांच्या मालकीच्या असतात! लोकर त्यांची, विणकाम त्यांचं, घर त्यांच्यावर चालायचं, आणि ठरावाला हात वर करणारे प्रतिनिधी सगळे पुरुष. काही ठिकाणी रेल्वेपर्यंत जनावरं नेणं परवडेना म्हणून तिथेच गोळ्या घालून सोडून दिली. मालकिणीच्या डोळ्यांसमोर. ज्या घरात मेंढी म्हणजे दूध, मटण, गालिचा, लग्न, विधी सगळं, त्या घराला ही काय गोष्ट असेल ते शेळ्या पाळणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही बाईला सांगायला नको.

त्याचा राग पुढच्या मतदानात निघाला. कॉलिअर यांनी आणलेल्या १९३४ च्या रिऑर्गनायझेशन कायद्याखाली जमाती आपली घटना लिहून घेऊ शकत होत्या. नवाहोंनी १९३५ मध्ये थोडक्या मतांनी तो कायदाच नाकारला. त्यामुळे आजही, इतक्या वर्षांनंतरही, नवाहो नेशनला लिखित घटना नाही, कायदे आणि ठरावांच्या आधारावर सगळं चालतं. १९३८ मध्ये नवे नियम आले, कौन्सिल ७४ जणांची झाली आणि मेंढ्या कपातीला विरोध करणारे जेकब मॉर्गन चेअरमन झाले. तेव्हापासून तिथे निवडणूक ही खऱ्या अर्थाने लढत झाली. वाचता न येणारे मतदार खूप होते म्हणून पुढे मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो छापायला लागले. आपल्याकडे पहिल्या निवडणुकीत बैलजोडी न् झोपडी होती, त्यांच्याकडे चेहरे.

नवाहो नेशनची राजधानी विंडो रॉक, तिथलं कौन्सिल चेंबर याच काळातलं, १९३४-३५ मध्ये बांधलेलं. लाल वाळूच्या दगडाची अष्टकोनी इमारत, होगन म्हणजे त्यांच्या पारंपरिक घराच्या आकाराची, आणि आत भिंतींवर जेराल्ड नेलर या नवाहो चित्रकाराने १९४२-४३ मध्ये काढलेला त्यांचा सगळा इतिहास. बाहेरच्यांनी आणलेली संस्था, पण आत बसलेल्या प्रतिनिधीच्या चारी बाजूंनी आपलीच माणसं भिंतीवरून बघतायत.

कौन्सिलमध्ये बाईला यायला वेळ लागला. १९४६ मध्ये लिली नील पहिल्या निवडून आल्या. १९५१ मध्ये ची डॉज यांची मुलगी अॅनी वॉनेका आली, आणि नंतरच्या निवडणुकीत तर तिच्या विरुद्ध तिचा स्वतःचा नवराच उभा होता, ती जिंकली. तिचं टीबीवरचं काम मला सगळ्यात जास्त भावतं. लोक सॅनेटोरियममधून पळून यायचे कारण डॉक्टर काय बोलतो ते कळायचं नाही, तर ही बाई आधी स्वतः रोगाचा अभ्यास करून आली, मग खडबडीत रस्त्यांवरून होगन-होगन फिरून डिने भाषेत समजावत राहिली, वैद्यकीय शब्दांचा इंग्रजी-नवाहो कोश करायला मदत केली. १९६३ चं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम तिला मिळालं. नाताआनी म्हणजे समजावणारा, तो अर्थ तिच्यात दिसतो.

गंमत नाही, वेदनेची गोष्ट म्हणून सांगते, की याच लोकांना १९२४ मध्ये अमेरिकन नागरिकत्व मिळालं, त्यांच्यातले सुमारे चारशे कोड टॉकर, म्हणजे आपल्या भाषेतून गुप्त संदेश पाठवणारे सैनिक, दुसऱ्या महायुद्धात लढले, पण अॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मतदानाचा हक्क कोर्टात जाऊन १९४८ मध्ये मिळवावा लागला, युटात तर १९५७ पर्यंत थांबावं लागलं.

नंतरची दशकं कोळसा आणि युरेनियमची. १९६४ ची कोळशाची एक लीज होती, टनाला जास्तीत जास्त साडेसदतीस सेंट रॉयल्टी. कोळशाचे भाव वाढत गेले आणि तो दर १९८४ पर्यंत विक्रीच्या जेमतेम २ टक्के उरला, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, स्वतः सरकारी जमिनीवरच्या कोळशासाठी किमान साडेबारा टक्के ठरवलेले होते. खात्याच्या अधिकाऱ्याने २० टक्के योग्य म्हटलं, कंपनीने खात्याच्या मंत्र्याची वेगळी भेट घेतली, नवाहोंना ती कळलीसुद्धा नाही, आणि १९८७ मध्ये साडेबारा टक्क्यांवर तडजोड झाली. नवाहोंनी सरकारवर केलेली केस सुप्रीम कोर्टापर्यंत दोनदा गेली, २००३ आणि २००९, दोन्ही वेळा नवाहो हरले. युरेनियमच्या पाचशेहून जास्त सोडून दिलेल्या खाणी आजही तिथे पडून आहेत. २००५ मध्ये कौन्सिलने कायदा करून युरेनियम खाणकामच बंद केलं. दरम्यान १९६९ मध्ये 'नवाहो नेशन' हे नाव ठरावाने घेतलं होतं, आणि १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की खाण कंपन्यांवर कर बसवायला त्यांना वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही. हा निकाल फार मोठा.

पीटर मॅक्डोनाल्ड यांच्याबद्दल लिहिताना मन दोन्हीकडे जातं. कोड टॉकर, इंजिनिअर, १९७१ पासून सलग तीन टर्म आणि १९८७ पासून चौथ्यांदा चेअरमन, आणि ऊर्जा कंपन्यांशी नजरेला नजर देऊन बोलणारा नेता. पण १९८७ मध्ये बिग बो नावाचं रँच एका दलालाने सव्वासव्वीस मिलियन डॉलरला घेऊन लगेच जमातीला ३३.४ मिलियनला विकलं, त्यात यांचे हात अडकलेले निघाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये कौन्सिलने त्यांना रजेवर पाठवलं, ते हटेनात, आणि २० जुलैला विंडो रॉकला समर्थक आणि पोलिसांच्या झटापटीत गोळीबार होऊन दोघांचा जीव गेला. मॅक्डोनाल्ड तुरुंगात गेले, २००१ मध्ये क्लिंटन यांनी शिक्षा कमी केली.

त्या धक्क्यातून डिसेंबर १९८९ मध्ये आजची रचना आली. चेअरमन हे पदच गेलं, कारण एकाच माणसाकडे कौन्सिल आणि कारभार दोन्ही होते. आता लोकांनी निवडलेला प्रेसिडेंट वेगळा, कौन्सिलचा स्पीकर वेगळा, कोर्टं वेगळी. पीटरसन झा पहिले प्रेसिडेंट झाले, १९९१ मध्ये. पुढे लोकांना कौन्सिलमध्ये तोवर झालेले ८८ प्रतिनिधी जास्त वाटले, डिसेंबर २००९ च्या मतदानात संख्या २४ वर आणली. त्यामुळे एकेका प्रतिनिधीकडे चार-पाच चॅप्टर आले, अंतरं एवढी की भेटायलाच दिवस जातो, त्यामुळे हा निर्णय बरोबर होता का याबद्दल मला अजून शंका आहे.

२०१४ मध्ये एका उमेदवाराला डिने भाषा सफाईने येत नाही म्हणून प्रेसिडेंटच्या निवडणुकीतून बाद केलं आणि घराघरांत भांडणं लागली, कारण ज्या बोर्डिंग शाळांनी भाषा तोडली त्यांची शिक्षा नातवांनी का भोगायची, आणि दुसरीकडे आजीशी बोलता येत नसेल तो आमचा नेता कसा. दोन्ही बाजू खऱ्या. २०१५ च्या सार्वमतात अट सैल केली. २०२३ च्या जानेवारीत बू नायग्रेन प्रेसिडेंट झाले, रिचेल मोंटोया पहिल्या महिला व्हाइस प्रेसिडेंट आणि क्रिस्टलिन कर्ली कौन्सिलच्या पहिल्या महिला स्पीकर.

त्याच वर्षी जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की १८६८ च्या तहामुळे नवाहोंना पाणी मिळवून द्यायची ठोस जबाबदारी सरकारवर येत नाही. तिथे तीनातल्या जवळजवळ एका घरात नळाचं पाणी नाही, पिकअपमध्ये टाक्या ठेवून लांबून पाणी आणतात. मग मे २०२४ मध्ये अॅरिझोनातल्या पाणीहक्काच्या कराराचा ठराव विंडो रॉकच्या चेंबरमध्ये आला, शेजारच्या होपी आणि सॅन वान पायूट या जमाती सोबत होत्या, रक्कम ५ अब्ज डॉलर. कौन्सिलने तो एकमताने मंजूर केला. यावेळी सही करायला नवाहोंचा स्वतःचा प्रेसिडेंट होता. कागद तिथून काँग्रेसकडे गेला.